पिल्लू नको, जाणते जनावर आणा

घरात एखादा प्राणी आणायचा, एवढे ठरेपर्यंतच बहुतेक कुटुंबांची निम्मी ताकद संपलेली असते. मुलांचा हट्ट, आईची ‘शेवटी सगळं माझ्याच गळ्यात पडणार’ ही रास्त शंका, आजोबांचा ‘आमच्या वाड्यात दोन-दोन कुत्री असायची, कुणी चर्चासुद्धा केली नाही’ हा दाखला, हे सगळे होऊन एकदाचा होकार मिळतो आणि शोध सुरू होतो. लॅब्रॅडॉर घ्यावा की गोल्डन रिट्रीव्हर? बीगल फार भुंकतो म्हणतात, ते खरे का? पर्शियन मांजराचे केस किती गळतात? शिह त्झू फ्लॅटला बरा ना? सगळे प्रश्न जातीचे. जात कोणतीही ठरो, तिचे पिल्लूच घरात येणार याबद्दल मात्र कुणाच्या मनात किंतु नसतो. माझ्या मते चूक होते ती इथेच. मोजक्या चौरस फुटांत आणि घड्याळाच्या काट्यावर जगणाऱ्या शहरी कुटुंबाने पिल्लू शोधूच नये. दीड-दोन वर्षांपुढचे, वाढ पूर्ण झालेले, स्वभाव उघड झालेले जनावर शोधावे. आणि ते बहुधा गावठी निघेल, याचे वाईट वाटून घेऊ नये.

कुत्र्यापासून सुरुवात करू, कारण शोध सर्वाधिक त्याचाच होतो. ‘४५ दिवसांचे पिल्लू’ हा आपल्याकडच्या जाहिरातींतला रुळलेला शब्दप्रयोग आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. म्हणजे नियमभंग जाहिरातीतच छापलेला असतो आणि विकणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही, घेणाऱ्यालाही नाही. हा अकरा दिवसांचा फरक क्षुल्लक नव्हे. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या वाढीचा अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात कुत्र्याला कशाची सवय होते आणि कशाची भीती बसते याचा पाया घातला जातो, हा त्यांचा निष्कर्ष आजही प्रमाण मानला जातो. दात किती जोरात लावायचे, हे पिल्लू याच दिवसांत आईच्या आणि भावंडांच्या संगतीत शिकते. हे आठवडे त्याने कुठे काढले, पिंजऱ्यात की माणसांच्या वावरात, आई शांत होती की भेदरलेली, हे विकत घेणाऱ्याला कळायला काही मार्ग नाही. त्याच्या हातात येते ते एक गुबगुबीत, झोपाळू, दुधाच्या वासाचे पिल्लू, आणि त्या वयात सगळीच पिल्ले गोड असतात. पुढे जो कुत्रा आपल्याबरोबर बारा वर्षे राहणार आहे, त्याच्याबद्दल तो गोडवा काहीच सांगत नाही. अंध व्यक्तींच्या सोबतीसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्था पिढ्यान्‌पिढ्या निवडक वाण वाढवतात, पिल्लांना जाणकार घरांत ठेवतात, आणि तरीही त्यातली बरीच पिल्ले मोठेपणी त्या कामाला नालायक ठरतात. ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांना पिल्लू पाहून कुत्रा ओळखता येत नसेल, तर रविवारी दुपारी मुलांना घेऊन गेलेल्या बापाला तो कसा ओळखता येणार?

यावर नेहमीचे उत्तर असे की जात माहीत असली म्हणजे स्वभाव माहीत असतो. लॅब प्रेमळ, जर्मन शेफर्ड इमानी, बीगल हट्टी. हे समज किती पक्के आहेत याची तपासणी २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने केली. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकीय माहिती ताडून पाहिल्यावर दिसले ते हे, की एकेका कुत्र्याच्या वागणुकीत जो फरक असतो त्यातला जेमतेम नऊ टक्के भाग जातीने उलगडतो. जातीला काहीच अर्थ नाही असे हा अभ्यास म्हणत नाही. माणसाचे ऐकण्याच्या वृत्तीसारख्या काही गुणांत जातीचा हात अधिक दिसला. पण ‘कुटुंबासाठी चांगला’ म्हणताना आपल्याला जे हवे असते, म्हणजे न घाबरणे, लवकर न चिडणे, अनोळखी माणसाशी सलोखा, ते कागदपत्रांवरून मिळण्याची खात्री नाही. एकाच वेतातले दोन लॅब दोन टोकांचे निघू शकतात.

जात ज्याची हमी देते ते म्हणजे शरीर, आणि नेमका तिथेच आपण डोळे मिटतो. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे जाणारा पग दिसला आणि देशभर पगची लाट आली. त्या चेहऱ्याचे आकर्षण ज्यात आहे, तेच त्याचे दुखणे आहे. कवटी आखूड केली, पण आतली टाळू, जीभ आणि मऊ पडदे तेवढेच राहिले. त्यामुळे श्वासमार्ग दाटतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून शरीर थंड करतो. ज्याचा श्वासमार्गच अरुंद, त्याने नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात धापा टाकायच्या कशा? त्याचे घोरणे लोकांना लाडिक वाटते. जनावरांच्या डॉक्टरांना तो आजार दिसतो. नेदरलँड्सने अशा आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर निर्बंध घातले आहेत. दुसऱ्या टोकाला सायबेरियन हस्की. बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेला, दुहेरी केसांचा हा कुत्रा ठाण्या-पुण्यात दिवसभर एसीच्या खोलीत ठेवायचा आणि रात्री दहानंतर खाली न्यायचा, याला हौस म्हणता येईल, निवड म्हणता येणार नाही. गावठी कुत्र्याचे आखूड केस, मध्यम बांधा आणि लांबट नाक या हवेत शेकडो पिढ्या टिकून तयार झाले आहे. मात्र गावठी कुत्रा आजारीच पडत नाही हा समजही तितकाच खोटा. गोचीड त्यालाही चावते, गोचीडतापही येतो, लस त्यालाही लागतेच.

आता घराच्या बाजूने हिशेब मांडू. आपल्याला कोणता प्राणी आवडतो, हा प्रश्न दुय्यम आहे. आपल्या घराचा दिवस कसा जातो, हा पहिला. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-अडीच तासांनी शी-शूसाठी न्यावे लागते, रात्रीसुद्धा. लसींचे डोस पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर मोकळे सोडता येत नाही, कारण पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि लहान पिल्लाला दोन-तीन दिवसांत संपवतो. त्यानंतर दात येण्याचे महिने: चपला, चार्जरची वायर, सोफ्याचा कोपरा. मग वर्षभराची आडदांड उमेदवारी. ज्या घरात दोघेही साडेआठला बाहेर पडतात आणि साडेसातला परततात, तिथे हे सगळे कोण करणार? कामाला येणाऱ्या मावशी, नाहीतर आजी. त्या दोघींचे मत शोधाच्या वेळी सहसा घेतलेले नसते. मुले करतील हे तर विसराच. दहा वर्षांच्या मुलाने हट्ट धरून आणलेले पिल्लू आठ वर्षांचे होते, तेव्हा मुलगा बारावी संपवून लातूरला किंवा कोटाला नीटच्या क्लासला गेलेला असतो, नाहीतर वसतिगृहात. उतारवयाला लागलेला कुत्रा मागे राहतो तो आई-वडिलांकडे. भाड्याच्या घराचे तर गणितच जुळत नाही: करार अकरा महिन्यांचा, कुत्रा बारा वर्षांचा. सोसायटीला बहुमताचा ठराव करूनही प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ पासून स्पष्ट केले आहे. पण घरमालकाला करार पुढे वाढवायचा नसेल तर त्याला कोण काय करणार? आणि गणपतीला कोकणात जायचे तेव्हा? रेल्वेने कुत्रा न्यायचा तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचे अख्खे कूपे आरक्षित करायचे, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत टाकायचे. सणासुदीच्या गाड्यांत साधी बैठक मिळण्याची मारामार, तिथे कूपे कुठले?

जाणते जनावर हे सगळे प्रश्न सोडवते असे नाही. कूपे त्यालाही लागेल. पण ते एक करते, जे पिल्लू करू शकत नाही: आणण्याआधी तपासून घेऊ देते. दोन वर्षांचा कुत्रा जिथे आहे तिथे जाऊन तीन-चार वेळा भेटावे. घरातल्या प्रत्येकाने जावे, एकट्या उत्साही माणसाने नव्हे. त्याच्या पाठीवर हात ठेवल्यावर अंग ताठ होते की सैल पडते? जेवताना जवळून कुणी गेले तर तो खात राहतो, की ताटलीवर वाकून गोठतो? दोरी लावून रस्त्यावर नेले आणि शेजारून स्कूटर गेली तर काय करतो? लहान मूल धावत आले तर पुढे होतो की मागे सरतो? सारख्या जांभया देत असेल, ओठ चाटत असेल, तर त्याला झोप आलेली नाही, तो दडपणाखाली आहे. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, दिवसातून चार वेळा येणारी डिलिव्हरीची मुले, लिफ्टचे दार आणि दिवाळी ही आपल्या फ्लॅटची परीक्षा आहे. मोठ्या कुत्र्याने ती दिलेली असते किंवा निदान देऊन दाखवता येते. तो एकटा किती वेळ राहतो, मांजर दिसले की काय करतो, हे त्याला सांभाळणारी माणसे सांगू शकतात. त्याची उंची वाढायची राहिलेली नसते. तीन-चार तास लघवी रोखून धरणे त्याला जमते. स्वभावाच्या बाबतीत तुम्ही अंदाजावर नाही, पाहणीवर निर्णय घेता.

कुत्रा सोडून इतर पर्यायांकडे वळणारी कुटुंबे बहुधा ‘कमी कटकटीचे काहीतरी’ शोधत असतात. तो शोध तर आणखी फसवा. पिंजऱ्यातला हिरवा पोपट आपल्याकडच्या घरांत इतका सवयीचा आहे, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पाळणे गुन्हा ठरते हे अनेकांच्या गावीही नसते. तीच गोष्ट चांदणी कासवाची. त्याच्या पाठीवरच्या नक्षीपायी त्याची तस्करी होते आणि ‘घरात कासव असले की लक्ष्मी येते’ या समजुतीने तिला गिऱ्हाईक मिळते. दुकानात रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे दिसणारे, कानशिलावर लाल पट्टा असलेले पाण्यातले कासव मूळचे अमेरिकेचे. ते वितीहून मोठे होते, वीस-तीस वर्षे जगते, आणि कंटाळलेली कुटुंबे त्याला तळ्यात सोडून देतात, तिथे ते आपल्या कासवांच्या मुळावर उठते. सशाला उचलून घेतलेले मुळीच आवडत नाही आणि उन्हाळा सोसत नाही. गोल भांड्यातला गोल्डफिश ही तर छळाची शोभिवंत मांडणी आहे; त्या माशाला मोठी टाकी, गाळण आणि योग्य काळजी मिळाली तर तो दहा वर्षांहून अधिक जगतो. ज्यांना घरी पुरेसा वेळच नाही त्यांनी चांगली टाकी लावून मासे ठेवावेत, त्याला माझी हरकत नाही.

मांजराचे मात्र वेगळे. दिवसभर घर रिकामे असणाऱ्या कुटुंबाला, विशेषतः फ्लॅटमध्ये, मांजर कुत्र्यापेक्षा अधिक मानवते. पण इथेही दोन महिन्यांचे पिल्लू पाहून ते पुढे मांडीवर बसणारे निघेल की कपाटावर राहून माणसांकडे तुच्छतेने पाहणारे, हे सांगता येत नाही. वर्षा-दोन वर्षांच्या मांजराने तो निर्णय घेऊन टाकलेला असतो. अशी मोठी, निर्बीजीकरण झालेली गावठी मांजरे प्राणिमित्र संस्थांकडे राहून जातात आणि पिल्ले आधी उचलली जातात. मांजर आणण्याआधी दोन गोष्टींची तयारी हवी. खिडक्या-गॅलरीला जाळी, आणि स्वयंपाकघरात मांसाहाराला मुभा. मांजर दूध-पोळीवर वाढते ही आपल्याकडची जुनी समजूत. प्रत्यक्षात मोठ्या मांजराला दूध सहसा पचत नाही आणि टॉरिन नावाचे जे द्रव्य त्याच्या डोळ्यांना व हृदयाला लागते ते मांसातूनच मिळते. कट्टर शाकाहारी घराने मांजराला आपले व्रत पाळायला लावू नये. मांजराला मांसाहारी खाद्य घालणे मनाला पटत नसेल तर मांजर न आणणे हा प्रामाणिक निर्णय आहे.

या मताला पहिली हरकत येते ती मायेची. लहानपणापासून वाढवले तरच लळा लागतो, मोठे जनावर आपले कधीच होत नाही, असे म्हणतात. याला उत्तर आपल्याच देशातल्या संशोधनात सापडते. कोलकात्याच्या आयसर या संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. २०१७ मध्ये त्यांनी दाखवले की अनोळखी माणसाने वारंवार खाऊ दिल्यापेक्षा वारंवार पाठीवरून हात फिरवल्याने या कुत्र्यांचा विश्वास लवकर बसतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात, कधीही शिकवण न मिळालेल्या रस्त्यावरच्या मोठ्या कुत्र्यांपुढे दोन भांडी ठेवून माणसाने एकाकडे बोट दाखवले. साधारण निम्मे कुत्रे जवळच आले नाहीत. जे आले, त्यातल्या सुमारे ८० टक्क्यांनी बोट दाखवले त्या भांड्याकडे धाव घेतली. या प्रयोगाचे दोन्ही अर्धे भाग माझ्या म्हणण्याला धरून आहेत. माणसाला समजून घेण्याची आणि माणसाशी जुळण्याची ताकद मोठेपणी आटत नाही. आणि प्रत्येक कुत्रा ती दाखवायला राजी नसतो, म्हणून एकेकाला पारखावे लागते. पिल्लाला वाढवण्याचा आनंद मोठा आहे हे मला मान्य आहे. पण तो आनंद आठ-दहा महिन्यांचा. त्यासाठी पुढची अकरा वर्षे नशिबावर सोडायची का, एवढाच प्रश्न आहे. ज्या घरात दिवसभर कुणी असते, कुत्र्यांचा अनुभव आहे, चुकीची निवड झाली तरी निभावून नेण्याची ताकद आहे, त्यांनी पिल्लू जरूर वाढवावे. तसे घर मध्यमवर्गीय शहरी वस्तीत विरळ.

दुसरी हरकत भीतीची आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नाही. अशा स्थितीत गावठी कुत्रा घरात घ्या असे सांगणारा माणूस वेडा ठरला तर नवल नाही. पण भीती नेमकी कशाची बाळगायची, हे पाहायला हवे. रेबीज जातीने येत नाही, लस न दिल्याने येतो; बिनलसीचे महागडे पिल्लूही तितकेच धोक्याचे. गोव्यात २०१३ नंतर राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांनी कुत्र्यांचे लसीकरण सातत्याने, घरोघरी आणि रस्तोरस्ती केले. त्याचे फलित २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये मांडले गेले: कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे रेबीजमृत्यू थांबले. कुत्री तीच, गावठी. बदलली ती फक्त लसीची स्थिती. चावण्याबद्दल बोलायचे तर मी कोपऱ्यावरच्या टोळीतला कोणताही कुत्रा दोरीने ओढून घरी न्या असे म्हणत नाही. गल्लीत वाढलेला, तिथेच रमलेला कुत्रा तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सुखी होईलच असे नाही. काही मुळीच होत नाहीत, आणि त्यांच्यावर ती सक्ती करू नये. संस्थेत राहिलेला, लस दिलेला, निर्बीजीकरण झालेला, माणसांनी हाताळलेला आणि तरीही शांत राहिलेला कुत्रा हा वेगळा उमेदवार आहे. त्याच्यात दोष असतील तर ते समोर दिसतात. पिल्लाचे दोष दिसतात ते सहा महिन्यांनी, आपल्या घरात.

देशी अभिमानाच्या वाटेने आणखी एक फसगत होते. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये मुधोळ, राजापलायम अशा भारतीय जाती पाळण्याचे आवाहन केले आणि आपल्याकडे मुधोळ, कारवान, पश्मी यांना मागणी आली. हे कुत्रे देखणे आहेत, या मातीतले आहेत. पण ते माळरानावर ससा दिसताच वाऱ्यासारखे सुटणारे शिकारी कुत्रे आहेत. सोलापूर-सांगलीकडच्या धनगरवाड्यावर, शेतावर ते शोभतात. हिंजवडीतल्या वन-बीएचकेत देशी शिकारी कुत्रा कोंडणे आणि परदेशी हस्की कोंडणे यांत फरक एवढाच, की पहिल्यात उकाड्याचा त्रास कमी. शिवाय मागणी वाढली की इथेही तेच होते: ब्रीडर, जाहिरात, ४५ दिवस.

शेवटची हरकत व्यवहारी माणूस घेतो: अशी पारखलेली मोठी जनावरे मिळतात कुठे? मुंबई-पुण्यात, नागपुरात, गोव्यात प्राण्यांची सुटका करणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांच्याकडे जागेपेक्षा जास्त कुत्रे आहेत. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या कुत्र्यांविषयीचा आधीचा आदेश बदलताना, रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेण्यासाठी नागरिकांना महापालिकेकडे अर्ज करता येईल आणि ते पुन्हा रस्त्यावर येऊ नयेत ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची राहील, असे म्हटले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातले कुत्रे हलवून ते परत न सोडण्याचा आदेश आला. म्हणजे येत्या काळात निवाऱ्यांमधल्या मोठ्या कुत्र्यांची संख्या वाढणार. निर्बीजीकरणासाठी पकडलेला प्रत्येक कुत्रा शस्त्रक्रियेनंतर काही दिवस केंद्रात राहतोच; त्याच दिवसांत त्याचे अंदाजे वय, लसीची नोंद, माणसांशी आणि इतर कुत्र्यांशी वागणूक लिहून ठेवून शनिवार-रविवारी कुटुंबांना भेटू देणे महापालिकांना अवघड नाही. कुत्र्याचा परवाना देणारी खिडकी महापालिकेत आहेच. दत्तकाची खिडकीही तिच्या शेजारी असावी. याने रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न सुटेल, असा दावा मी करणार नाही. त्यांची संख्या घरांत मावण्यासारखी नाही. तो प्रश्न निर्बीजीकरणाने आणि कचऱ्याच्या व्यवस्थेनेच सुटेल. हा लेख कुटुंबाच्या सोयीबद्दल आहे, आणि या बाबतीत कुटुंबाची सोय आणि जनावराचे हित एकाच बाजूला आहेत.

संस्थांनी यात आणखी एक पद्धत सर्रास रूढ करावी: आधी महिनाभर सांभाळायला नेणे, जमले तर कायम, नाहीतर परत. यावर भावनाप्रधान लोक चिडतात. जनावर म्हणजे काय साडी आहे, नेसून बघायची आणि परत करायची, असे विचारतात. पण परत जायची उघड वाट नसली की काय होते ते पाहावे. प्राण्याला वाऱ्यावर सोडणे १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. इतका स्वस्त गुन्हा कोण मनावर घेणार? म्हणून न जमलेला जातिवंत कुत्रा पार्किंगमध्ये साखळीला बांधलेला दिसतो, गावच्या शेतावर ‘मोकळ्या हवेत’ पाठवला जातो, किंवा घाटात गाडीतून उतरवला जातो. चार आठवड्यांनी स्वभावाच्या नोंदीसह संस्थेकडे परतलेल्या कुत्र्याला दुसरे, अधिक योग्य घर मिळायला मदतच होते, कारण आता त्याच्याबद्दल एक गोष्ट जास्त ठाऊक असते: तो मांजराबरोबर राहत नाही, किंवा आठ तास एकटा राहू शकत नाही, किंवा लहान मुलांपेक्षा म्हाताऱ्या माणसांच्या घरात खुलतो. पिल्लू विकणारा असली नोंद देत नाही, आणि विकलेले पिल्लू परतही घेत नाही.